नमुना जां-१७

उद्यमबागेत सव्वानऊला वीज जाते.
जनरेटर धरेपर्यंतची चाळीस सेकंदं
मी इन्क्युबेटरच्या दाराला तळवा टेकवून उभी राहते,
कपाळ बघतात तसं.
सदतीस. तेवढंच लागतं त्यांना,
पोटाइतकं.

जां म्हणजे जांबोटी, सतरा म्हणजे सतरावं बाळ:
गवळीवाड्यावरच्या ठकी लांबोरचा नवलू,
पाच महिन्यांचा, अंगावर पिणारा.
त्याच्या लंगोटातलं पिवळं, काडीच्या टोकावर,
बर्फाच्या डब्यात, खानापूरच्या बसमध्ये, माझ्या मांडीवर.
शेजारच्या बाईनं विचारलं, मासे काय?
मी म्हटलं, हो.

तिसऱ्या दिवशी ताटलीत उगवले,
पांढरे, गुळगुळीत, मोहरीहून बारीक.
आम्लात दोन तास बुडवले, मेले नाहीत.
पित्तात ठेवले, वाढले.
मेंढीच्या रक्तावर रेघ ओढली.
रक्त फोडणारे असते तर रेघेभोवती उजेड पडला असता.
आमच्याकडे उजेड म्हणजे वाईट बातमी.
नाही पडला. लाल ते लालच.

साहेब खूश. हुबळीहून कंपनीचे फोन.
दह्याच्या डबीच्या झाकणाचा रंगसुद्धा ठरला.
लेबलावर मराठी असणार का,
हे मी विचारलं नाही.
काय विचारायचं नाही ते इथं शाळेआधी पाठ होतं.

पण ताटलीला विचारायचा पगार मिळतो मला.
औषधांच्या टिकल्या ठेवल्या चिमट्यानं.
टिकलीभोवती जीव मरतात,
गोल मोकळं अंगण पडतं, ते पट्टीनं मोजायचं.
एकवीस मिलिमीटर. चोवीस. एकोणीस.
टेट्रासायक्लिनला अंगणच नव्हतं.
थेट टिकलीला टेकून बसले होते,
ओसरीवर पाय सोडून बसावं तसे.

शिवलीला म्हणाली, पुन्हा लाव.
पुन्हा लावलं.
तिसऱ्यांदा तिनं लावलं, नव्या टिकल्या, नवी ताटली,
आणि पट्टी न उचलताच म्हणाली, हौदु.

औषधाला न मरणं हा गुन्हा नव्हे.
ते दुसऱ्याला देता येतं का, एवढाच प्रश्न.
बेंगळुरूहून जनुकांचा कागद आला:
अंगात शिवलेलं नाही, सुट्या कड्यावर आहे.
म्हणजे हातातून हातात जाणारं,
शेजारणीनं वाटीत विरजण न्यावं तसं.
शिवलीला विरजणाला हेप्पु म्हणते.
दही दोघींचं लागतं.
आणि पोटात शेजारी कधी कोण येईल,
कसले रोग घेऊन,
काय सांगावं.

कुठून आलं त्याच्याकडे?
म्हशीच्या सडातल्या इंजेक्शनातून,
की ठकीच्या बाळंतपणातल्या गोळ्यांतून.
आमच्या फॉर्मवर तो रकाना नाही.

साहेबांनी कागद दोनदा वाचला.
म्हणाले, बाकी सगळं पास आहे ना?
मी म्हटलं, आहे.
म्हणाले, एवढं एकच ना?
मी म्हटलं, एवढं एकच.
मग पंख्याकडे बघत बसले.
हुबळीला फोन त्यांनीच केला, दार लावून.

रविवारी जांबोटीला गेले. कुणी सांगितलं नव्हतं.
नवलू आता बसतो. माझं ओळखपत्र चोखलं त्यानं.
ठकी म्हणाली, आमच्या पोराच्या पोटातलं वाईट हाय काय?
नाही गं, म्हटलं. त्याच्या पोटात चांगलं नांदतंय.
गावभरच्या पोटात घालायला नको, एवढंच.
ती हसली.
पोटचं हाय, म्हणाली, आमी घालतो की पोटात.
तुमास्नी कोण सांगतंय घाला म्हणून.

उठताना तिनं ताक दिलं, पितळी गडूतून.
कुठल्या म्हशीचं, किती दिवसांच्या विरजणाचं,
गडू कशानं घासला,
ओठांपर्यंत आलेले सगळे प्रश्न
ताकाबरोबर खाली गेले.

परतीची बस घाटात थांबली, टायर बसला म्हणून.
पोटात काहीतरी गुरगुरलं.
मी तळवा टेकवला,
आणि किती सेकंदं झाली ते मोजायचं राहून गेलं.